हंबरण्याचा मान

प्रिय दादा,

हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देतोस कुठे? तुझ्या तब्येतीचा विषय काढला की 'तुझ्या म्हशी काय म्हणतात?' असं विचारून हसतोस आणि फोन वहिनीच्या हातात देतोस. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहितेय. कंटाळा आला तरी शेवटपर्यंत वाच.

परवा तोंडी परीक्षा घ्यायला आपल्या विद्यापीठात गेले होते. बस अजून तशीच वर चढते. आम्ही व्हेटर्नरीवाले खालच्या फाटकाशी उतरणार, इंजिनिअरिंगवाले मधल्या चौकात, लॉवाले कमानीपाशी आणि तुम्ही मेडिकलवाले थेट टेकडीवर. जितकं वर उतरायचं तितका मान मोठा, हे कुणी सांगावं लागत नव्हतं. आपल्या वेळचा तो मिशीवाला कंडक्टर आमच्या थांब्यावर 'चला, गोठा आला' म्हणून ओरडायचा आणि तुम्हाला मात्र 'डॉक्टरसाहेब, सावकाश' म्हणायचा. मेसमध्ये तुमचे पांढरे कोट आत खुंटीवर आणि आमचे खाकी बाहेर कठड्यावर, कारण काय तर वास येतो. येत होता, नाही कशाला म्हणू? पण तुमच्या कोटांना प्रेतं टिकवायच्या फॉर्मॅलिनचा यायचा, तो मात्र सगळ्यांना विद्वत्तेचा वाटायचा! तूही काही कमी नव्हतास. मित्रांना माझी ओळख करून देताना 'हीपण डॉक्टरकीच करते' म्हणायचास आणि कुणी पुढचं विचारायच्या आत विषय बदलायचास. बाबांचंही तेच. आई तेवढी ठणकावून सांगायची, 'दोघंही डॉक्टरच होतायत, फक्त हिला लाथा खाव्या लागतात.'

आणि तो पदवीदान समारंभ! आमच्यातलं कुणी मंचावर चढलं की सज्जातून तुमचं अख्खं मेडिकल हंबरायचं, आणि तुमच्यातलं कुणी चढलं की खालून आम्ही क्षयरोग्यांसारखे खोकायचो. कुलगुरूंनी केव्हाच हात टेकले होते. माझ्या वर्षी माझ्या सगळ्या मैत्रिणींना दणदणीत हंबरून मिळालं. माझं नाव पुकारलं आणि सज्जात चिडीचूप. टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. मी वर बघितलं, तर तू रांगेच्या टोकाशी उभा, हाताची घडी घालून, सगळ्यांकडे डोळे वटारून. आपल्या बहिणीला कुणी हसू नये म्हणून तू सकाळपासून एकेकाला दम देऊन ठेवला होतास. आणि मी मूर्ख, पदवी हातात घेऊन रडवेली झाले, की सगळ्यांचा मान झाला आणि मलाच वगळलं! तू आठवडाभर डोकं धरून बसला होतास, की हिच्यासाठी चांगलं करायला जावं तरी ही रुसते. अजून आठवलं की एकटी असले तरी हसू फुटतं.

परवाच्या त्याच फेरीत आमच्या कॉलेजच्या अंगणातही जाऊन आले. आमच्या सरांचा पहिला तास तिथेच व्हायचा. भिंतीला टेकून उभं राहायचं, समोरून घोडा किंवा बैल चालवत न्यायचे, परत आणायचे. हात लावायचा नाही, काही विचारायचं नाही, नुसतं बघायचं आणि दुखणं कुठे आहे ते सांगायचं. सुरुवातीला काही म्हणजे काही कळायचं नाही. पुढे अशी खोड लागली की रस्त्याने जाणाऱ्या माणसांचीही चाल बघायला लागले. माझ्या लग्नाआधी तुझ्या मेहुण्यांचा, म्हणजे आमच्या ह्यांचा, दुखरा गुडघा मी पाहुण्यांसमोर चालीवरून ओळखला होता, तेव्हा आईने मला आत नेऊन झापलं होतं.

म्हणून तुझ्या निवृत्तीच्या निरोपसमारंभाला माझे डोळे तिकडेच गेले. तू खुर्चीतून उठून माइककडे निघालास. समोर सगळं मेडिकल टाळ्या वाजवत होतं. त्यांना दोष नाही, ते तुझ्या तोंडाकडे बघत होते आणि तू बोललासही झकास. मी तुझ्या हाताकडे बघत होते. चालताना उजवा हात हलत नव्हता. पाय किंचित घासत होता. माइकपासून मागे वळायला तुला जागच्या जागी बारीक बारीक पावलं टाकावी लागली. चहाचा कप तू डाव्या हाताने घेतलास. मी विचारलं तर म्हणालास, खांदा आखडलाय.

खांदा नाही, दादा. आजाराचं नाव मी घेत नाही, ते तुम्हा लोकांचं काम. पण तुला ते माझ्याआधी कळलंय, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं. गेल्या वर्षी ऑपरेशनं सोडलीस आणि तरुणांना संधी द्यायचीय म्हणालास, तेव्हा मला तुझं केवढं कौतुक वाटलं होतं! वहिनीला अजून काही माहीत नाही, कालच तिने मला फोनवर खांद्यासाठी चोळायचं औषध विचारलं. टेकडीवरच्या कुणासमोर पेशंट होऊन बसायची तुला लाज वाटतेय, एवढंच ना? मग टेकडीवर नको जाऊ. दुसऱ्या गावातल्या मेंदूच्या डॉक्टरची वेळ मी घेतलीय. सोमवारी सकाळी गाडी घेऊन येतेय. त्याआधी वहिनीला तू सांग. तुला जमलं नाही तर मी सांगेन, पण तुझ्या तोंडून ऐकलं तर तिला कमी लागेल. तू आत जा, मी बाहेर बाकावर बसते. मला भीती वाटतेय रे. आई-बाबा गेल्यापासून मला 'ए येडे' म्हणणारं तुझ्याशिवाय कुणी राहिलेलं नाही. कॉलेजात सगळे मॅडम म्हणतात, घरी नातवंडं आजी म्हणतात. कुणाची तरी लहान बहीण मी फक्त तुझ्याकडेच असते, आणि ते मला इतक्यात सोडायचं नाहीये.

तुझीच,
धाकटी