सायलीच्या पिस्तुलाची तिसरी गोळी

शनि., ४ ऑक्टो.
सायलीचं पिस्तूल आज परत अडकलं. पाच गोळ्यांची मालिका. दोन झकास गेल्या, तिसरी चेंबरच्या तोंडाशी नाक खुपसून तिरकी बसली. सायलीनं डावा हात वर केला. नियम तसाच हाय. अडकलं की पिस्तुलाला बोट लावायचं नाही, ठोकायचं नाही, हात वर करून गप उभं राहायचं. मी पळत गेलो तर म्हणते, "पळतोस काय? आग लागलीया व्हय?"
लागलीया. पण तिला काय सांगणार.
(इथून पुढं नुसतं 'सा.' लिहायचं. आई माझं कपाट आवरते.)
१४ तारखेला पुण्यात राज्य स्पर्धा. तिथं निवड झाली तर नॅशनल. गेल्या वर्षी सा.चं थोडक्यात हुकलं, तेव्हा महिनाभर रेंजवर आली नव्हती. या वर्षी पण हुकलं तर घरचे नेमबाजी बंद करायला लावणार, हे तिनंच सांगितलंय. आणि पिस्तूल क्लबचं. दुसरं मिळायचं नाही.
मी सुभेदारांसमोर छाती ठोकून सांगितलं, सोमवारपर्यंत चालू करून देतो. सुभेदार म्हणजे आमच्या रेंजचे मालक, कोच, वॉचमन सगळं एकच, रिटायर फौजी. म्हणाले, "लेका, मशीनचं शिकाय कॉलेजात गेलास, ते अर्धं टाकून आलास. ह्ये तरी पुरं कर."
राग आला. जेवलो नाही.
नंतर जेवलो. पांढरा रस्सा होता.

रवि., ५ ऑक्टो.
सकाळी पिस्तूल खोललं. वरची सरकती स्लाईड, चेंबर, गोळीचं टरफल ओढणारा आकडा, सगळं ब्रशनं घासलं. गोळ्या भरायच्या मॅगझिनचं तोंड चिंधीनं पुसलं तर चिंधी लालसर. गंज!
तडक सुभेदारांकडं. म्हटलं तुमच्या कपाटाला ओल हाय, लोखंड गंजतंय, आणि बोल मला लागतोय.
"माझ्या कपाटात? गंज?" मिशीच थरथरली त्यांची. "सरहद्दीवर बर्फात रायफल गंजू दिली न्हाय मी."
आवाज वाढले. शेवटी कपाट मीच रिकामं केलं, पुसलं, नवीन कागद घातले. एक ठिपका गंज सापडला नाही. सापडला असता तर त्यांच्या नाकाखाली धरला असता.
संध्याकाळी सा.नं चालवलं. पहिली मालिका सरळ. दुसरीला, तिसरी गोळी.
तिनं हात वर केला आणि माझ्याकडं बघितलं. डोळे असे की… जाऊ दे.

सोम., ६ ऑक्टो.
आज नक्की. गोळ्याच खराब. गोळीवरचा मेणाचा थर जास्त असणार, चिकटून बसत असणार. डीलरला फोन लावला, चढ्या आवाजातच सुरुवात केली. तो थंड. "पावणं, ह्याच गोळ्या सगळीकडं जात्यात. तुमच्यातच कशा अडकाय लागल्या?" फोन ठेवला. (मी. आपटला.)
सुभेदारांच्या साठ्यातल्या वेगळ्या बॅचच्या गोळ्या मागून घेतल्या. कालच्या भांडणामुळं मागताना जीभ जड झाली. त्यांनी निमूट दिल्या, तेच जास्त लागलं.
तिसरी गोळी.
कोजागरी म्हणून सा.नं कुरुंदवाडहून घरच्या दुधाची बासुंदी आणलेली. डबा सगळ्यांना फिरवला, पण मला वाटीऐवजी पेल्यात दिली. याचा अर्थ काय? सुभेदारांना पण पेल्यातच दिली, म्हणजे अर्थ नसेल.
सोमवार संपला. दिलेला शब्द गेला.

मंगळ., ७ ऑक्टो.
मोठी चूक केली आज.
मोबाईलवर वाचलं की मनगट ढिलं असलं की पिस्तूल हातातच मागं सरकतं, स्लाईडला पुरता झटका बसत नाही आणि पुढची गोळी नीट चढत नाही. बरोबर आहे, शास्त्र आहे. पण मी ते सा.ला सगळ्या पोरांसमोर सांगितलं.
"माझं मनगट ढिलं?"
"तसं न्हाय, मी म्हणतोय की…"
"घरी असतो तवा पहाटं चार म्हशींची धार काढतो मी. ये इकडं. पंजा लढव."
(आमच्याकडच्या पोरी बोलताना 'काढतो', 'जातो'च म्हणतात.) गोळ्यांच्या टेबलावर कोपरं टेकली. पोरं गोल करून उभी. सुभेदार पंच.
हरलो. नुसता हरलो नाही, बसल्या खुर्चीवरनं कलंडलो. सुभेदार म्हणाले, "मनगट तपासलं. ठीक हाय. आता दुसरं काय?"
तिचं मनगट ढिलं नाही हे सिद्ध झालं. तिचा हात खरखरीत आहे हे पण. पुढचं लिहीत नाही, कपाट.

गुरु., ९ ऑक्टो.
काल रजा. आज डोकं फिरलं.
मॅगझिनच्या तोंडाला दोन्ही बाजूंना पत्र्याचे ओठ असतात, तेच गोळीला सरळ धरतात. उजेडात बघितलं तर मला ते फाकल्यासारखे वाटले. वाटले! मोजले नाहीत. बाबांच्या पेटीतली पक्कड आणली आणि दाबले. थोडं. मग अजून थोडं.
त्यानंतर त्या मॅगझिनमधनं एक गोळी धड चढंना. तिसरी कसली, पहिलीच अडते.
पक्कड भिंतीवर फेकली. आवाज ऐकून सुभेदार आले. मॅगझिन डोळ्यापाशी नेऊन बघत राहिले.
"कुठल्या हातानं केलंस?"
"उजव्या."
"आजपासनं डाव्यानं जेव."
नवीन मॅगझिन परदेशातनं येतं. यायला किती दिवस, विचारायची पण हिंमत झाली नाही.
सा.ला अजून माहीत नाही.

शुक्र., १० ऑक्टो.
सा. टेस्टिंगला आली तेव्हा मी लपायला जागा बघत होतो. पण तिनंच विषय काढला, आणि असा काढला की मी येडा झालो.
"सुजित, मॅगझिनं दोन हायत. दोन्ही सारखीच दिसत्यात. अडकतं ते कुठलं, बघितलंस का कधी?"
नव्हतं बघितलं. एवढे दिवस पिस्तूल खोलतोय, गोळ्या बदलतोय, माणसांशी भांडतोय, आणि हे नाही बघितलं. कधी अडायचं, कधी नाही, त्याचं कारण समोर ठेवलेलं.
तिनं बॅगेतनं नेलपॉलिश काढलं. मरून रंग. एका मॅगझिनच्या बुडाला एक ठिपका, दुसऱ्याला दोन. लावताना जीभ दातात धरते ती. बाटली मला दिली, "राहू दे तुझ्याकडं, अजून कशाला लागली तर." खिशात आहे. झाकण घट्ट आहे का ते सारखं बघतोय.
एक ठिपका, म्हणजे मी पक्कड लावलेलं. दोन ठिपके, म्हणजे ज्याला मी हात लावला नव्हता ते.
दोन ठिपके भरलं. एक, दोन, आणि तिसरी तिरकी. पुन्हा भरलं. तिसरी. पुन्हा. तिसरी.
म्हणजे रोग पहिल्यापासनं या दोन ठिपक्यात. आणि एक ठिपका ठणठणीत होतं. मी ठणठणीत माणसाचं ऑपरेशन केलं.
सा. म्हणाली, "मग आता एक ठिपका वापरू की." मी म्हटलं, त्याचं जरा काम चाललंय.
जरा!

शनि., ११ ऑक्टो.
सापडलं!! सापडलं सापडलं सापडलं.
दोन ठिपक्याचं बूड काढलं. आजवर काढलं नव्हतं, कारण ती पट्टी घट्ट असते, आणि वरनं पुसून भागतं असं माझं ठाम मत होतं. स्प्रिंग बाहेर आली, त्यावर गोळ्यांना वर ढकलणारा तुकडा, आणि त्याच्या बाजूच्या खाचेत तांदळाचा दाणा. लाल. आतल्या भिंतीला तेलात कालवलेलं कुंकू, चिखलासारखं.
अक्षता.
जमिनीवरच बसलो. खंडेनवमी! त्या दिवशी रेंजवर शस्त्रांची पूजा झाली. चादर अंथरायची, पिस्तुलं मांडायची, सगळी मांडामांड माझ्याकडं. पिस्तुलं आडवी ठेवली, आणि मॅगझिनं मात्र कलशाभोवती उभी केली, तोंड वर. शिपायांसारखी दिसतात म्हणून. सा. म्हणाली होती, "झकास मांडलंयस की." त्या एका वाक्यासाठी सगळं. मग प्रत्येकानं हळदकुंकू वाहिलं, मुठीमुठीनं अक्षता टाकल्या. हा एक दाणा सरळ आत.
दोन गोळ्या जाईपर्यंत दाणा आड येत नव्हता. तिसरीच्या वेळी तुकडा बरोबर त्या उंचीला यायचा, दाण्यावर अडून वाकडा व्हायचा, आणि गोळी नाक खाली घालायची. आणि तो गंज? कुंकू. सुभेदारांच्या कपाटावर ओरडलो ते देवीच्या कुंकवासाठी.
एवढं सोसून दाणा अख्खा. तुटला असता तरी सुटलो असतो.
धुतलं, पुसलं, कोरडं केलं, भरलं. सुभेदार स्वतः उभे राहिले. मालिकेमागून मालिका, एकदा पण अडलं नाही. सुभेदार हसले. फार दिवसांनी बघितलं, दोन दात सोन्याचे आहेत.
"सर, तुमच्या कपाटाची माफी."
"कपाटाची माग."
मागितली. कपाटाला हात जोडून. पोरं बघत होती, बघू देत.
दाणा मोबाईलच्या मागच्या कव्हरात ठेवलाय. टाकवेना.

रवि., १२ ऑक्टो.
सुभेदारांची जीप सकाळी पुण्याला निघाली, सा. सोबत. मी इथंच, रेंज उघडी ठेवायला.
रात्रीच ठरवलं होतं, सांगायचं. चांगलं मॅगझिन एकच आहे, हे तिला स्पर्धेत कळलं तर? जीप सुरू झालेली, मी खिडकीपाशी. एका दमात सांगितलं. उभी मांडलेली मॅगझिनं, दाणा, पक्कड, सगळं.
तिनं पिशवी उघडली. एक ठिपकावालं मॅगझिन पिशवीतनं काढून माझ्या हातात दिलं, दोन ठिपकावालं मुठीत धरलं. सुभेदारांना म्हणाली, "चला."
शिवी दिली असती तर बरं झालं असतं. कुरुंदवाडच्या पोरीनं शिवी दिली नाही म्हणजे प्रकरण गंभीर.
घरी बाबांचं पुन्हा तेच. दिवाळीनंतर कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला लाग, कोणीतरी ओळखीचं आहे. मी म्हटलं, बघू. नेहमी 'नाही' म्हणून ओरडतो. बाबा पण चपापले.

मंगळ., १४ ऑक्टो.
स्पर्धा आज. सकाळपासनं फोन हातात. टार्गेटचे कागद उलटे लावले, एका पोराला ओरडलो, मग त्याला चहा पाजला.
दुपारी सुभेदारांचा मेसेज: 'सकाळचा भाग झाला. आता रॅपिड.' बास. फौजी माणूस, जास्त लिहिलं तर गोळ्या संपतील.
रॅपिडमध्येच खरं. वेळ ठरलेली, प्रत्येक वेळी एकच गोळी, पाच वेळा हात वर आणायचा. मॅगझिन एक. दाणा एकच होता ना? मी दुसरा शोधला होता ना नीट?
अंबाबाई, तुझ्याच अक्षता होत्या. बघ आता तूच.
संध्याकाळ झाली. फोन नाही.

बुध., १५ ऑक्टो.
सकाळी ऑफिसात झाडत होतो. फोन. सा.
"एकदाबी अडकलं न्हाय."
"आणि निवड?"
"नॅशनलला जातो मी."
काय ओरडलो ते मलाच माहीत नाही. झाडू हवेत. ती तिकडं हसतेय, फोन कानापासनं लांब धरला असणार. मग आवाज एकदम बदलला.
"काल मुद्दाम फोन केला न्हाय. म्हटलं एक रात्र भोग जरा. चांगल्या मॅगझिनला पक्कड लावतोस."
"चुकलं."
"आणि काय रं, अक्षता टाकायची एवढी घाई झालती व्हय तुला? माणूस आधी घरी येतो. विचारतो. मग अक्षता."
ओठापर्यंत आलेलं तिथंच तिरकं बसलं.
"बोल की. का अडकलास? हात वर केलास काय?"
केला होता. रिकाम्या ऑफिसात, डावा हात, खरंच वर.
"केलाय," म्हटलं.
परत हसली. "शुक्रवारी वसुबारस. आमच्यात गाय-वासराची पूजा असती. आई म्हणाली, त्या दाणेवाल्याला बोलव. दुपारच्या एसटीनं ये. आणि दाणा घेऊन ये, बाबांना बघायचाय."
बाबांना का बघायचाय? दाणा, का मला? ती चेष्टा करत होती का? सगळ्यांचीच करते. सुभेदारांची पण करते. पण अक्षतांची चेष्टा कोणी कोणाशी पण करतं का?
आईला विचारावं म्हटलं. कसं विचारणार.

शुक्र., १७ ऑक्टो.
एसटीत लिहितोय, अक्षर हलतंय.
निघताना आईनं नवीन शर्टाकडं बघितलं. "कुठं?" "कुरुंदवाड. पूजा हाय एकाच्यात." "एकाच्यात का एकीच्यात?" कपाट आवरणारी बाई. काय लपतंय. वरनं म्हणाली, "पूजेत नीट बस, काय मांडायला जाऊ नको." म्हणजे दाण्याची गोष्ट पण माहीत आहे. सुभेदारांचंच काम.
दाणा कव्हरात आहे. बघितला. आहे.
तिच्या बाबांनी विचारलं, पावणं, काय करता, तर काय सांगायचं याची तयारी शिरोळपासनं चाललीय. कॉलेज सोडलं, हे नाही सांगायचं. सांगायचंच, लपवलं तर सा. तिथंच सांगेल. पिस्तुलं दुरुस्त करतो. बिघडवतो पण. कागलला जाणार आहे? जाणार आहे का मी?
पूल आला. स्टँड दिसतोय. सा. उभी आहे, शेजारी फेट्यातले धिप्पाड गृहस्थ, मिशा सुभेदारांपेक्षा मोठ्या. तिनं एसटी बघितली.
डावा हात वर केलाय तिनं.