आणीबाणीचा माणूस

३ मे
लेक जूनअखेर बाळंत होणार. तिचं घर परदेशात, पाहुण्यांची खोली एकच. तीत मी आणि ही. व्याही हॉलमधल्या सोफ्यावर. विधुर माणूस, कुठेही मावतो. पण बाळ आल्यावर एवढी माणसं मावणार नाहीत, येत्या विसाव्या तारखेला कुणालातरी परत जावं लागेल, असं जावईबापू जेवताना म्हणाले. सगळे माझ्याकडे बघत होते. निर्णय माझ्यावर सोपवला असावा.

माझा निर्णय झालेला आहे. व्याही जातील. अशा वेळी घरात एक खंबीर पुरुष हवा. ऑफिसात मी फायर ड्रिलचा प्रमुख होतो. शिट्टी माझ्याकडे असायची.

५ मे
लेकीच्या फोनमध्ये 'इमर्जन्सी' म्हणून माझा नंबर सगळ्यात वर टाकून घेतला. ती म्हणाली, बाबा, वर ॲम्ब्युलन्सचा असू दे की. म्हटलं, ॲम्ब्युलन्सला फोन कोण करणार? मीच ना? तिने नंबर वर सरकवला. पटलं.

जावयाने मला आणि व्याह्यांना शनिवारची तिकिटं काढून दिली. सकाळी जंगलात झिपलाइन, दुपारी आइस हॉकीचा सामना. म्हणाला, घरात बसून कंटाळला असाल. मी मुळीच कंटाळलेलो नाही. रोज स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून हिला सूचना देतो, त्यात दिवस जातो. पण संधी चांगली आहे. व्याह्यांचा कस लागेल.
संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला व्यायाम.

६ मे
जेट लॅग. येऊन तीन आठवडे झाले, पण तो अंगात मुरतो.

९ मे, दुपार (बसमध्ये)
झिपलाइन झाली. उंच मनोरा, तिथून तारेला लोंबकळत दरीपलीकडे जायचं. सामान, फोन सगळं खाली लॉकरमध्ये. वर पोचल्यावर खाली पाहिलं. मला भीती वाटली नाही. पायांना थोडी वाटली.

परदेशात आलो म्हणून रीतभात सोडायची नसते. व्याह्यांना म्हटलं, आधी तुम्ही, मुलाकडच्यांचा मान. ते म्हणाले, छे छे, वयाने तुम्ही मोठे. म्हटलं, लग्नात तुमचा मान राहून गेला होता, आज भरून काढू. ते म्हणाले, लग्नात काहीच राहिलं नव्हतं. म्हटलं, राहिलं होतं. रांग पार जिन्यापर्यंत गेली. पट्टे बांधणारी मुलगी आधी हसत होती, मग हसायची थांबली. शेवटी व्याही गेले. डोळे मिटून सुळ्ळकन पलीकडे. त्यात कसलं आलंय कौशल्य!

मी निघताना मुलीने पाठीला हात लावला. त्याला ढकलणं म्हणता येणार नाही. मधोमध आल्यावर निसर्ग पाहावा म्हणून तार धरून थांबलो. बराच वेळ पाहिला. मग तीच मुलगी तारेवरून आली आणि मला ओढत पलीकडे घेऊन गेली. खास सोय असावी. इतर कुणाला मिळाली नाही.

फोन लॉकरमध्येच राहिला, हे आत्ता लक्षात आलं. असू दे. शनिवारी सहसा काही होत नाही. ऑफिसातला अनुभव आहे.

९ मे, संध्याकाळ (लेकीच्या दारात)
आइस हॉकी. शाळेत मी हॉकी खेळलोय, त्यामुळे व्याह्यांना खेळ समजावून सांगितला. इथे चेंडूऐवजी रबरी चकती असते. ती मला एकदाही दिसली नाही, पण लोक ओरडले की मागोमाग ओरडत होतो. दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला जरा डोळे मिटून चिंतन केलं. उघडले तर सामना संपत आलेला आणि शेजारची खुर्ची रिकामी. व्याही न सांगता पसार! एवढासा गारठा सोसला नाही गड्याला.

समोरच्या मोठ्या पडद्यावर माझाच चेहरा होता. अख्खं स्टेडियम टाळ्या पिटत होतं. उभं राहून नमस्कार केला. टाळ्या वाढल्या.

विचारत विचारत घरी आलो, तर घराला कुलूप. पायरीवर बसून लिहितोय. जबाबदारी म्हणून कुणाला नाही.

९ मे, थोड्या वेळाने
सगळे आले. हॉस्पिटलमधून. दुपारी लेकीला कळा सुरू झाल्या. जावई कामावर, दुसऱ्या गावी. हिने मला फोन केले, पुन्हा पुन्हा केले. मग व्याह्यांना केला. व्याही म्हणतात, त्यांनी मला दोनदा हलवलं आणि मी 'पाच मिनिटं' म्हणालो. मला आठवत नाही. टॅक्सी करून ते आले आणि दोघींना घेऊन गेले. कळा खोट्या निघाल्या.

हॉस्पिटलच्या टीव्हीवर तोच सामना चालू होता. लेकीने मला तोंड उघडं टाकून घोरताना पाहिलं आणि इतकी हसली, इतकी हसली की कळा थांबल्याच. म्हणजे गुण आला तो माझ्यामुळे. हे मी बोलून दाखवलं. ही कुकर लावायला गेली.

१० मे
निर्णय झाला. व्याही थांबणार. ही थांबणार. विसाव्याला मी परत.

विचारलं, हे ठरवलं कुणी? ही म्हणाली, मी. म्हणाली, एका वेळी दोन बाळंतपणं मला झेपायची नाहीत, लेकीचं करते, तुम्ही घरी जा. आवाज चढवला नाही. भाजी चिरता चिरता म्हणाली. मी लेकीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण थांबा म्हणाली नाही.

फार वाईट वाटलं. हे इथेच लिहून ठेवतो, बाहेर बोलायचं नाही. तसंही तिकडचं घर इतके दिवस बंद ठेवणं बरं नव्हे. तिथे माणूस हवाच. जायचं मीच सुचवलं, असं सगळ्यांना सांगायचं.

२८ जून, घरी
सकाळी हिचा फोन. नात झाली! दोघी सुखरूप. म्हटलं, सगळ्यात आधी मलाच कळवलंस ना? ती म्हणाली, बाळ रडतंय, ठेवते.

तोंड गोड करावं म्हणून स्वयंपाकघरात गेलो. आल्यापासून डबा लावलाय आणि चहा कोपऱ्यावर पितो, त्यामुळे आत जायची वेळ आली नव्हती. सगळे डबे उघडले. एवढी वर्षं या घरात काढली, पण साखर कुठे असते ते ठाऊक नाही. शेवटी वाटी घेऊन शेजारी गेलो. बातमी सांगणार, तोच शेजारीणबाई म्हणाल्या, अभिनंदन, आम्हाला कालच कळलं! साखर दिली. फोटोही दाखवला. नाकडोळे थेट व्याह्यांचे आहेत.