लेकीचं घ्यायचं नसते

पोर्ट ब्लेअर,
१७ जानेवारी २०२४

ति. आत्यास,
रुचिकाचा शि. सा. न.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि आबा माझा फोन घेत नाहीत, म्हणून पत्र लिहिते. आबा मळ्यात गेले की हे आईला वाचून दाखव.

लग्नानंतर प्रसेनजितला आणि मला पहिल्यांदाच एकत्र सुट्टी मिळाली, म्हणून अंदमानला आलो आहोत. आज कसलीच घाई नव्हती. सकाळी बोटीने पलीकडच्या छोट्या बेटावर गेलो. तिथे पडक्या इमारतींच्या भिंती झाडांच्या मुळांनी घट्ट धरून ठेवल्या आहेत, आणि हरणं माणसांजवळून निवांत फिरतात. दुपारी तुरुंग पाहिला. कोठडीचा झरोका इतका उंच की समुद्र दिसत नाही. माणसाला घरापासून तोडणं हीच इथली मोठी शिक्षा असावी, असं वाटलं.

संध्याकाळी बाजारात हिंडलो. मोत्यांची दुकानं सोडून मी आधी भाजीच्या ओळीत शिरले, तेव्हा प्रसेनजितने चिडवलं, की मळेवाल्याची पोर समुद्रातही वांगीच शोधेल. वांगी खरंच मऊ पडलेली होती. आबांनी ती गुरांपुढे टाकली असती, बाजारात नेली नसती.

तिथेच एका म्हाताऱ्या बाईकडे पानांच्या विणलेल्या टोप्या होत्या, रुंद काठाच्या. आबा दुपारभर डोक्याला दुपट्टा बांधून वाफ्यात वाकलेले असतात, तेच डोळ्यासमोर आलं. त्यांच्यासाठी एक घेतली. वेगळ्या पार्सलने पाठवते आहे.

आत्या, आबा आमचं लग्न मानत नाहीत, हे तुला ठाऊकच आहे. जात वेगळी, मांडव नाही, म्हणून लग्नाच्या नोंदणीला ते कचेरीत आले नाहीत. सही तर आपण सोसायटीतही करतो, त्यानं काय लगन होते का, असं ते आईला म्हणाले होते. तेव्हापासून मी कामरगावची एसटी पाहते आणि चढत नाही. टोपी नुसती खुंटीला टांगून ठेव. त्यांनी ती डोक्यावर घातली, तर मी समजेन की मला घरी यायला हरकत नाही.

तुझ्या गुडघ्यांची काळजी घे, आणि माझ्यावरचा जीव कमी करू नकोस.

तुझी,
रुचिका


कामरगाव,
३० जानेवारी २०२४

चि. सौ. रुचिकास,
आत्याचे अ. आ.

तुहं पत्र पोचलं, पार्सलही पोचलं. तू सांगतलं तशी टोपी खुंटीले टांगली. तुहा बाप नथ्थू मळ्यातून आला, अन् कोणाची म्हणून इचारलं. तुह्या मायच्या पोटात काही राहाते का? तिनं सांगून टाकलं. त्यानं टोपी हातात घेतली, उलटीपालटी करून विणकाम पाह्यलं, डोक्यापर्यंत नेली अन् थांबला. काहीतरी बोलला, टोपी खाली ठेवली अन् बाहेर निंघून गेला. मले त काहीच आयकू आलं नाही. तुही माय अंजना रडायले लागली, तवा समजलं का काहीतरी झालं.

मंग तिनं माह्या कानाशी ओरडून सांगतलं, अर्ध्या गल्लीनं आयकलं असन. नथ्थू म्हणे, लेकीचं घ्यायचं नसते, तिच्या घरी वापस पाठवा. अंजनाले वाटलं, राग काही गेला नाही. मी म्हणलं, बयताडे, तो काय बोलला ते पुन्हा सांग अन् आपल्याच कानानं आयक.

पोरी, तुह्या पयल्या पगाराचा सदरा यानंच घातला, अन् कारंज्याच्या बाजारात मिरवला. तवा घेतला, कारण तू घरची होती. लगन झालेल्या लेकीचं मायबाप घेत नसतात, तिले देत असतात. लगन मानलं नसतं त टोपी उकिरड्यावर गेली असती. अन् आजवर तुह्या घराले तो 'तिकडं' म्हणे, काल पयल्यांदा 'तिच्या घरी' म्हणला.

तरी मी त्याले तोंडावर इचारलंच. तो मेथीच्या जुड्या बांधून राह्यला होता. म्हणलं, नथ्थू, पोरीचं लगन झालं म्हणतं ना आता? त्यानं मान वर केली नाही. हातानं खूण केली, का जाय बुढे, मले काम करू दे. नाही मात्र म्हणला नाही.

आज सकाळी पाह्यते त टोपी तुरीच्या शेंगाईनं भरलेली. त्यानंच तोडल्या. लेकीच्या घरी रिकामं पाठवत नसतात, असं त्यानं गजेंद्रले बजावलं. तुहा भाऊ तेच घेऊन येऊन राह्यला.

जावईबापूले आशीर्वाद सांग. माही माया तुले ठाऊक आहे, ती काय लिहू?

तुही आत्या,
लिलाबाई


अमरावती,
३१ जानेवारी २०२४

ति. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

गजेंद्र परतीच्या गाडीने निघायच्या घाईत आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. तो आणि प्रसेनजित समोरासमोर बसून शेंगा सोलताहेत. दोघं एकमेकांना इतक्या अदबीने 'तुम्ही' म्हणतात, की मला हसू आवरत नाही.

तुझं पत्र एकदा वाचलं आणि आनंदाने रडले. पुन्हा वाचलं, तेव्हा मन जड झालं. कॉलेजात असताना मी याच रिवाजाविरुद्ध भाषण केलं होतं. मुलगी दिली म्हणजे परकी झाली, हे मी तेव्हा मानत नव्हते आणि आजही मानत नाही. आबांनी माझं लग्न मानलं, पण मानताना मला घरातून देऊन टाकलं. राबणाऱ्या बापाच्या डोक्यावर लेकीने सावलीसुद्धा धरू नये, असं कोणतं लग्न असतं, आत्या? मी शिकले ती त्यांच्या मळ्यावर. मग माझी कमाई त्यांना परकी कशी?

हे तू त्यांना सांगू नकोस. त्यांच्यासमोर बसून मलाच सांगायचं आहे. येत्या रविवारी सकाळच्या एसटीने आम्ही दोघं येतो, एवढाच निरोप दे. आबा ऐकणार नाहीत. आवाज चढेल, आई मध्ये पडेल, प्रसेनजितला कुठे बघावं ते कळणार नाही. होऊ दे भांडण. इतक्या महिन्यांत आबा माझ्याशी भांडलेसुद्धा नाहीत.

आईला नमस्कार. भेटीपर्यंत तुझा आशीर्वाद पाठीशी असू दे.

तुझीच,
रुचिका