आईच्या लॅपटॉपवरची तारीख

प्रिय धाकट्या,

रागावलेली नाहीये, हे आधीच सांगते, नाहीतर अर्धं पत्र वाचून तोंड पाडून बसशील. आईच्या लॅपटॉपवर तू हौसेने टाकलेली नवी सिस्टिम मी काढून टाकली. सगळी. आणि जुनी घातली, आई घरी बसून छापखान्यासाठी पुस्तकं टाइप करायची तेव्हाची. तू म्हणशील, ताई, डोकं ठिकाणावर आहे ना? आहे रे, कसंबसं.

तू परत गेल्यापासून आई बसायची, झाकण उघडायची, पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात काहीतरी शोधायची आणि मग म्हणायची, हे आपलं नाही, ज्याचं आहे त्याला देऊन टाक. जुनी फाइल उघडली, तर अक्षरांच्या जागी नुसत्या चौकटी आणि प्रश्नचिन्हं. तिला वाटलं, आपल्यालाच वाचता येईनासं झालं. डॉक्टरांनी विसरण्याचा आजार सांगितला तेव्हासुद्धा ती रडली नव्हती. त्या दिवशी रडली.

मग मी कंबर कसली. कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला हसला. म्हणाला, ताई, याला आता संग्रहालयात ठेवा. मग मीच माळ्यावरून जुन्या सिस्टिमची सीडी काढली. मशीन म्हणे, हार्ड डिस्क सापडत नाही. अगं बाई, तुझ्याच पोटात आहे की ती! बरंच डोकं आपटल्यावर कळलं, सुरुवातीच्या निळ्या पडद्यावर डिस्कची सेटिंग जुन्या पद्धतीची करावी लागते. आवाज अजून येत नाही, वायफाय चालत नाही, पण तिचे जुने मराठी फाँट आले. आई बसली आणि काय सांगू तुला! दुपारी काय जेवली ते न आठवणारी बाई कीबोर्डकडे न बघता जोडाक्षरं टाइप करत होती. वर मलाच दटावलं, पाठीमागे उभी राहू नकोस, चुका होतात. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले.

आता खरं काय ते. प्रत्येक प्रूफच्या माथ्यावर आई मशीनमधली तारीख बघून टाकायची, आठवतं? छापखान्याची शिस्तच होती तशी. या लॅपटॉपची तारीख सांभाळणारी आतली छोटी बॅटरी गेलीय, त्यामुळे बंद करून सुरू केला की तारीख थेट लॅपटॉप घेतला त्या सालात जाते. नवी सिस्टिम इंटरनेटवरून ती आपोआप सुधारायची. जुन्या सिस्टिमला ते जमत नाही, आणि हे माझ्या लक्षात आलं नाही. आईने तारीख टाकली, पानं छापली, गठ्ठा बांधून दाराजवळ ठेवला आणि म्हणाली, चहा टाक, तुझे बाबा येतील आता, पानं छापखान्यात पोचवायची आहेत.

मी सांगितलं, बाबा गेले, फार वर्षं झाली. तारीखही बरोबर करून दाखवली. ती ओरडली, मग मला कुणी कळवलं कसं नाही? बाबा गेले तो दिवस पुन्हा काढला आम्ही. सकाळी ती सगळं विसरली होती, फक्त लॅपटॉपकडे फिरकेना. लॅपटॉप चालूच राहिला होता, तारीख बरोबरच होती; शेवटी मीच माझ्या हाताने ती मागे नेली. तेव्हापासून ती रोज टाइप करते, गुणगुणते, नीट जेवते. आणि संध्याकाळ झाली की दाराकडे बघते. मी म्हणते, छापखान्यात उशीर झाला असेल. जीभ जड झालीय रे खोटं बोलून. तिला सुखात ठेवतेय की फसवतेय, काही कळेनासं झालंय.

फोनवर हे बोलता येत नाही, ती शेजारीच असते, म्हणून लिहिलं. रविवारी तू येतोयस. तिच्या लेखी तू अजून शाळेत जाणारा पोर आहेस. आणि दिसतोस हुबेहूब बाबांसारखा, चालणंसुद्धा तेच. तू आलास की ती गठ्ठा तुझ्या हातात देईल आणि इतका उशीर का केलात म्हणून रागावेल. तेव्हा काय म्हणणार आहेस? मुलगा आहे म्हणालास, तर बाबा तिच्यासाठी पुन्हा मरतील. गप्प राहिलास, तर तिचा नवरा घरी येईल, पण तुला तुझी आई कदाचित परत भेटणार नाही. हेच कर असं मी सांगणार नाही, तो हक्क मला नाही. पण ठरवून ये. दारात उभं राहून विचार करू नकोस. आपल्या चेहऱ्यावरचं तिला अजून लगेच कळतं.

तुझीच,
आता एकटीला न झेपणारी
ताई