तपासणीच्या जागचा चहा

बाबा,

परवा मी नापास झाले. या वयात, आणि तेही प्रामाणिकपणाच्या पेपरात. हे ऐकून तुम्ही आधी हसला असता आणि मग चष्मा काढून विचारलं असतं की पेपर काढला कोणी. सगळा वैताग तोच तर आहे.

आपल्या धंद्यात आता परदेशी कंपन्या आल्या आहेत. तुमच्या वेळी इथून सोयाबीनची पेंड बाहेरदेशी जायची, तेव्हा माल तपासून चांगला आहे असं लिहून देणारा कागद आपल्या ऑफिसचा असायचा आणि खाली तुमची सही. आता तिकडच्या खरेदीदारांना त्यांच्या यादीतल्याच कंपनीचा कागद लागतो. त्या यादीत आपल्याला शिरता येत नाही, कारण त्यासाठी देशोदेशी ऑफिसं असावी लागतात. मग यादीतलीच एक कंपनी माझ्याकडे आली. काम तुम्हीच करा म्हणाली, नाव आमचं राहील. म्हणजे पोत्यात परखी खुपसून नमुना काढणार आपली माणसं, उन्हातान्हात उभी राहणार आपली माणसं, आणि कागद त्यांचा. एक सीझन मी ताठ राहिले. त्या सीझनभर तुमच्या हाताखाली तयार झालेले ते दोघं रोज सकाळी वेळेवर यायचे, परख्या पुसून ठेवायचे आणि पेपर वाचत बसायचे. मला केबिनमधून बाहेर यायला लाज वाटायला लागली. शेवटी हो म्हटलं. अट एवढीच होती की आधी मी त्यांची ऑनलाइन परीक्षा पास व्हायची, नाहीतर काम दुसऱ्याला.

त्या परीक्षेत प्रश्न होता की तपासणीच्या जागी मालकाने चहा दिला तर काय कराल. मी क्षणाचाही विचार न करता 'नाकारेन' यावर टिक केलं. कॉलेजात असताना सुट्टीत तुमच्या स्कूटरवर बसून सांवेरच्या प्लांटवर आले होते, तो दिवस डोळ्यांसमोर होता. ऊन रणरणतंय, तुम्ही थप्पीच्या पार खालच्या पोत्यातून नमुना काढताय, आणि मॅनेजर माझ्या हातात शिकंजीचा गार ग्लास देतो. मी तो तोंडाला लावणार इतक्यात तुम्ही येऊन ग्लास काढून घेता आणि परत कामाला लागता. माझ्या डोळ्यांत पाणी. नंतर लिंबाच्या सावलीत तुम्ही स्वतःच्या बाटलीतलं कोमट पाणी दिलंत, डब्यातले पोहे पुढे केलेत आणि म्हणालात, "त्याचं पाणी प्यायलीस ना, की त्याचा माल ओला आहे हे सांगताना जीभ अडखळते." तेव्हा मला तुमचा भयंकर राग आला होता. पुढे मात्र तुमच्या जागी आल्यावर मीही कायम तसंच केलं.

तर ते उत्तर चुकलं. कंपनीच्या मते चहा घ्यावा आणि त्यांच्या पोर्टलवर त्याची नोंद करावी. नाकारल्याने म्हणे ग्राहक दुखावतो. त्या भागात एक जरी उत्तर चुकलं तरी नापास. मी त्यांच्या मुंबईच्या ऑफिसातल्या मुलीला फोन केला. पोरगी गुणी आहे, तिचा काही दोष नाही. मी तिला म्हटलं की आमचा नियम तुमच्यापेक्षा कडक आहे, मग तो चूक कसा? ती शांतपणे म्हणाली, "मॅम, आप बहुत सोच रही हैं. सिस्टम में जो राइट है, वही टिक कर दीजिए." मी परत बसले आणि तेच टिक केलं. लगेच पास झाले आणि माझ्या नावाचं रंगीत सर्टिफिकेट आलं.

ते इथे आले याचा राग नाही, बाबा. येऊ देत की. पण त्यांच्यासाठी पायघड्या आणि आपल्याला साधा व्हिसा नाही, याचं काय करायचं? मागे एकदा तुम्ही पास केलेल्या मालात तिकडच्या बंदरावर वाळू निघाली अशी तक्रार आली होती. नमुन्याच्या तीन थैल्या दोन्ही बाजूंच्या समोर लाखेने सील करायच्या आणि तिसरी आपल्याकडे ठेवायची, ही तुमची पद्धत. ती तिसरी थैली तिथे नेऊन सगळ्यांसमोर फोडायची असं तुम्ही ठरवलंत. जुनी इंदूरच्या टेलरकडे कोट शिवायला टाकलात. आता साहेबांना पोहेसुद्धा काट्याचमच्याने लागणार, म्हणून आईने केवढी थट्टा केली. व्हिसा मिळाला नाही आणि धड कारणही कळलं नाही. माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याने मुकाट्याने भाव पाडून घेतला, बाजारात तुमच्याबद्दल कुजबुज झाली ती झालीच. तो कोट सुदामा नगरच्या घरी अजून कपाटात आहे, आई दर दिवाळीला त्याला ऊन दाखवते. आणि यांचा तिकडचा साहेब मागच्या महिन्यात विमानाने येतो, आपल्या पंख्याखाली घाम पुसत बसतो आणि नमुना कसा घ्यायचा ते मला स्लाइडवर शिकवतो. शेवटच्या स्लाइडवर लाखेच्या सीलसकट तीन थैल्या होत्या. जाताना पाटी बदलायला सांगून गेला. त्यांचं नाव वर मोठं, तुमचं खाली बारीक.

आज त्यांच्या नावावरचं पहिलं काम होतं, आणि तेही सांवेरच्या त्याच प्लांटवर. मॅनेजर तोच, आता म्हातारा झालाय. कंपनीचं पत्रक त्यालाही आलेलं. हसत म्हणाला, "बाईजी, अब तो एक कट चाय चलेगी ना? आपकी कंपनी में अब मना नहीं है." माझ्या पिशवीत पाण्याची बाटली होती. मी तिच्याकडे हात नेला आणि एकदम संताप आला. ज्या कागदावर तुमचं नाव नाही, त्याच्यासाठी मी घसा कोरडा का ठेवायचा? मी चहा घेतला. आल्याचा होता, चांगला होता. तो बिचारा इतका खूश झाला की स्वतः उभा राहून पंखा माझ्याकडे वळवला.

मग नमुना यंत्रात घातला, तर माल ओला निघाला. थोडाच, पण ओला. मी तसंच लिहिलं, एक अक्षर बदललं नाही. पण त्याला ते तोंडाने सांगायची वेळ आली तेव्हा मी आधी हवापाण्याचं बोलले, मग त्याच्या नातवाची चौकशी केली, आणि त्याने दिलेल्या चहाच्या रिकाम्या ग्लासाकडे बघत सांगितलं.

घरी येऊन पोर्टलवर चहाची नोंद केली. जीभ अडखळली हे लिहायला तिथे जागा नाही. म्हणून ते इथे लिहिलं, आणि हा कागद तुमच्या कोटाच्या खिशात ठेवतेय. दिवाळीपर्यंत तरी आई तो कोट बाहेर काढायची नाही.