आठ चिंचोके

श्रीगोंदा, रविवार संध्याकाळ

दुपारी घरात तीन पत्ती खेळलो, चिंचोके लावून. माझ्या हातात राजाची जोडी होती, पण पुढ्यात आठच चिंचोके. डावात जेमतेम सहा पडलेले. धाकट्या जावेने, सुमनने, एकदम आठ पुढे सरकवले आणि मी घाबरून पॅक केलं. मग तिने पत्ते उघडले. साधी जोडीसुद्धा नव्हती. शाळेत संभाव्यता मीच शिकवते ना?

"ताई, मी माझे पत्ते बघतच न्हाई. समोरच्याकडं किती चिंचोके उरलेत, तेवढंच बघते."

सासूबाई म्हणाल्या, "धाकटीला लई डोकं हाय." पंधरा वर्षांत मला कधी म्हणाल्या?

राजाची जोडी होती, हे कुणाला सांगितलं नाही. सुमन माझे आठ चिंचोके बघत होती. मी मात्र सासूबाई कुणाकडे बघतायत, तेच बघत होते.