मधलं पद

प्रिय ठमे,

या नावानं तुला हाक मारून किती वर्षं झाली कोण जाणे. फोनवर आपण तब्येतीचं आणि हवेचं बोलतो आणि मी फोन आईकडे देऊन मोकळा होतो. तिचा गुडघा आता बरा आहे, पण जिना कठडा धरूनच चढते. माझं म्हणशील तर मी थकलोय. निवृत्तीला चार महिने राहिलेत. शाळेचा तिसरा मजला गाठेपर्यंत छाती भरून येते, आणि वर गेल्यावर तीच वही, तीच चूक, तोच माझा लाल पेन. चौतीस वर्षं मुलं (a + b)² च्या सूत्रातलं मधलं पद, ते 2ab, गिळताहेत आणि मी ते त्यांच्या घशातून बाहेर काढतोय.

यंदा नववीत एक मुलगी आहे. हळू लिहिते, हळू बोलते, म्हणून आम्हा शिक्षकांच्या खोलीत तिचं नाव गोगलगाय पडलंय. सूत्र विचारलं तर न चुकता म्हणून दाखवते, आणि कागदावर (x + 2)² चं x² + 4 करून ठेवते. तीन चाचण्या झाल्या, तिन्हींत तेच. गेल्या मंगळवारी मधल्या सुट्टीत तिला बोलावलं. शिकवायची हौस म्हणून नाही, खोटं कशाला सांगू. पुन्हा तेच बोलायचा कंटाळा आला होता, म्हणून तिच्यापुढे आलेख कागद सरकवला. म्हटलं, सूत्र जाऊ दे, माझं (x + 2)² निळ्यानं काढ, तुझं x² + 4 हिरव्यानं. x ला उणे चारपासून दोनपर्यंत एकेक किंमत दे, बिंदू मांड आणि पट्टी न घेता हातानं जोड.

तिनं डबा उघडलाच नाही. एक बिंदू मांडायचा, खोडायचा, पुन्हा मांडायचा. मी शेजारी वह्या तपासत बसलो आणि दोन वेळा डुलकी काढली. घंटा व्हायच्या सुमाराला तिच्या कागदावर दोन वाट्या उभ्या होत्या. निळी डावीकडे, आडव्या अक्षाला टेकलेली. हिरवी मधोमध, चार घरं वर. दोन्ही एकच समजून चालली होती, त्या अशा वेगळ्या बसलेल्या बघून तिनं पेन्सिल खाली ठेवली. मग दोन्ही रेघांमधली घरं बोटानं मोजायला लागली. एकला चार, दोनला आठ. उणे एकला पुन्हा चारच, पण तिथं निळी खाली. मग हळूच म्हणाली, की हे दर वेळी चार एक्सनं चुकतंय. तिला मधलं पद सापडलं होतं, ठमे. मी सांगितलं नव्हतं. मी शाबासकी देणार, तेवढ्यात तिनं शून्यावर बोट ठेवलं, जिथे दोन्ही रेघा एकमेकींना भेटत होत्या.

"सर, इथं माझंही बरोबर आहे. म्हणजे मी अगदीच मठ्ठ नाही ना?"

मी नाही म्हणालो, मठ्ठ नाहीस. पुढच्या तासाला मुलं आत आली, तरी मी तिथंच बसून.

कारण याच चुकीची वही मी एकदा भर वर्गात वर धरली होती. ती तुझी होती. तेव्हा मला वाटायचं, सरांचीच मुलगी चुकली तर सर कसले. आलेख कागद तेव्हाही कपाटात होते. तुझ्यासाठी एक काढायला मला पाच मिनिटं नव्हती. ही माझी मुलगी शोभत नाही, असं मी चाळीस पोरांसमोर म्हणालो, आणि सगळा वर्ग हसला. तू वहीच्या मागच्या पानांवर घरांचे नकाशे काढायचीस, खिडक्या-दारांसकट. अकरावीला गणित सोडलंस तेव्हा ते नकाशेही थांबले. आज औषधांच्या दुकानात दिवसभर उभी असतेस, पाय सुजतात असं आई सांगते. मी ऐकून घेतो.

आईला त्या वर्गातलं काहीच ठाऊक नाही. तू आळस केलास, वडील घरात असून गणित टाकलंस, असं ती आजही तू घरी आलीस की तुला बोलते. ती बोलते, तू खाली मान घालून ऐकतेस, आणि मी पेपर वाचत बसतो. इतकी वर्षं तू एका शब्दानं माझं नाव घेतलं नाहीस. उद्या सकाळी चहाच्या वेळी मी तिला सगळं सांगणार आहे. मग ती तुला फोन करेल, कदाचित रडेल. तो फोन यायच्या आधी तुला हे माझ्याकडून कळायला हवं, म्हणून या पत्राचा फोटो आज रात्रीच तुझ्या मोबाइलवर पाठवतोय. चूक माझी होती, पोरी. मला माफ करायलाच हवंस असं नाही.

तुझाच,
बाबा